'होय' कुणी दाबलं

जेर्मानोला झटका आला तेव्हा ओडिलिया माझ्या शेजारच्या मशीनवर होती. जानेवारीतला मंगळवार होता. आमच्या पडद्यांच्या कारखान्यात मशीन चालू असताना फोन घ्यायला बंदी, म्हणून सुपरवायझर स्वतः चालत आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ओडिलियानं ऐकून घेतलं, पायाखालचं पेडल सोडलं, हातातल्या पडद्याची घडी घातली आणि मग उठली. एकोणीस वर्षं मी तिच्या डाव्या हाताला बसत होते. कितीही घाई असो, घडी न घालता ती उठल्याचं मला आठवत नाही.

आम्ही दोघी पोर्तुगालच्या अझोर बेटांवरच्या एकाच गावच्या. अमेरिकेत आलो तेही सहा महिन्यांच्या अंतरानं, ह्याच गावात, ह्याच कारखान्यात. त्याआधी बेटावरच माझ्या लेकीच्या, नीदियाच्या, बाप्तिस्म्याला ओडिलिया धर्ममाता झाली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना नावानं हाक मारली नाही. आमच्याकडे आई आणि धर्ममाता एकमेकींना 'कुमाद्रे' म्हणतात. तेच आमचं नाव झालं.

जेर्मानो छपरं घालायचा. सत्तावन्न वर्षांचा, रेड्यासारखा गडी. झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, 'थांब'. पाणी हवं तरी थांब, संडासला जायचं तरी थांब, रडू आलं तरी थांब. डॉक्टरांनी लिहून दिलं की मे अखेरपर्यंत ह्याच्याजवळ दिवसभर माणूस हवं.

घरच्या माणसाच्या आजारपणासाठी आमच्या राज्यात भरपगारी नाही, पण निम्म्याअधिक पगाराची रजा मिळते. तिचा फॉर्म मीच भरला, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या लॅपटॉपवर. ओडिलिया पोर्तुगीज वर्तमानपत्र मृत्यूच्या जाहिरातींसकट वाचते, पण स्क्रीनवरचं इंग्रजी दिसलं की तिचा चेहरा पडतो. "तूच बघ गं कुमाद्रे," ती म्हणायची, "मला ती अक्षरं पळताना दिसतात." मला थोडंफार जमतं. कारखान्यातल्या अर्ध्या बायकांचे कागद मीच भरत असे आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा तोराही होता.

रजा मंजूर झाली. आणि पाचव्या आठवड्यात कारखाना बंद पडला. सकाळी गेलो तर फाटकाला साखळी, साखळीला कागद. चौसष्ट माणसं फुटपाथवर. ओडिलिया तेव्हा घरी जेर्मानोला सूप भरवत होती. तिला मीच फोन करून सांगितलं.

आठवड्याभरात तिला रजेच्या ऑफिसचं पत्र आलं. तुमची नोकरी ज्या तारखेला संपली त्याच तारखेला तुमची रजाही संपली. मी फोन लावला. दीड तास वाद्यसंगीत ऐकल्यावर एका पोरीनं उचलला.

"पण नवरा अजून अंथरुणात आहे," मी म्हटलं.

"मॅडम, रजा नोकरीवरून असते. नोकरीच नाही तर रजा कशावरून?"

"मग तिनं करायचं काय?"

"बेकारी भत्त्याला अर्ज करा. ते दुसरं ऑफिस."

म्हणून आम्ही दुसऱ्या ऑफिसकडे अर्ज केला. तिथं दर रविवारी सात प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, होय किंवा नाही. चौथा प्रश्न असा: ह्या आठवड्यात तुम्ही काम करायला सक्षम होतात का, मोकळ्या होतात का, कामाच्या शोधात होतात का?

पहिला रविवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. माझी उत्तरं देऊन झाली होती. ओडिलियाची भरायला घेतली तेवढ्यात ती उठून खिडकीशी गेली, दिराला फोन करायला. दीर म्हणजे उर्बानो, बेकरीत काम करतो, त्या दिवशी जेर्मानोजवळ तो बसला होता. "खाल्लं का त्यानं? किती? उजव्या गालात घास अडकलाय का बघ." खाली नीदिया गाडीचा हॉर्न वाजवत होती, आम्हाला एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला जायचं होतं. मी चौथा प्रश्न वाचला. माझ्या मनात आलं की हिला विचारलं तर ही 'नाही' म्हणेल. 'नाही' दाबलं की त्या आठवड्याचा भत्ता गेला. कारखान्यातल्या सगळ्या बायका डोळे मिटून होय दाबत होत्या. मी होय दाबलं.

ती फोन ठेवून आली. "झालं?"

"झालं."

"काही विचारत होते?"

"नेहमीचंच गं."

पुढच्या रविवारी ती आलीच नाही, जेर्मानोला ताप होता. तिचा पासवर्ड माझ्याकडे होताच. मी भरून टाकलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. असे नऊ रविवार गेले.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी ती दारात उभी राहिली, हातात लांबोडकं पाकीट. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मार्चमध्ये त्यांनी जेर्मानोसाठी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर बिऱ्हाड हलवलं होतं. पत्र गेलं जुन्या मजल्यावर, आणि तिथल्या नव्या भाडेकरूनं ते आठवडाभर खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर ठेवून दिलं.

"इथं काय लिहिलंय? ह्या ठळक अक्षरांत?"

मी वाचलं. रजेच्या ऑफिसकडे डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं, की ही बाई दिवसभर नवऱ्याची शुश्रूषा करते. बेकारीच्या ऑफिसकडे तिचीच नऊ उत्तरं होती, की ही बाई कामाला मोकळी आहे. एकमेकांशी कधी न बोलणारी ती दोन ऑफिसं नेमकी आता बोलली होती. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: जाणूनबुजून खोटं निवेदन. भत्ता बंद. घेतलेलं सगळं दंडासकट परत. पुढं वर्षभर अर्ज करायला मनाई. अपील करायचं तर पत्राच्या तारखेपासून दहा दिवसांत.

दहापैकी सात दिवस रेडिएटरवर गेले होते.

"खोटं? मी?" ओडिलिया म्हणाली. "कुमाद्रे, मी काय खोटं बोलले?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. आणि त्यातून बाहेर पडलं ते हे: "कॉम्प्युटरची चूक असेल. होतं असं. आपण अपील करू."

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता, म्हणून तिला जरा धीर आला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

बुधवारी वेबसाइट उघडेना. खातं गोठवलं होतं, आणि अपील करायचं बटण त्या खात्याच्या आत. फोन लावला की सगळ्या लाइन व्यस्त आहेत असं सांगून आपोआप कट व्हायचा. गुरुवारी दिवसभर मी एकशे अकरा वेळा फोन लावला, मोबाइलमध्ये आकडा दिसतो म्हणून सांगते. शुक्रवारी शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. दुपारी उर्बानो बेकरीतून सुटून जेर्मानोजवळ बसला आणि आम्ही दोघी गाडीनं जिल्ह्याच्या ऑफिसला निघालो.

दारावरच्या रखवालदारानं आत सोडलं नाही. "अपॉइंटमेंट आहे?"

"अपॉइंटमेंट फोनवर मिळते आणि फोन लागत नाही," मी म्हटलं.

"मग वेबसाइटवरून घ्या."

"वेबसाइट बंद केलीय हिची."

"मॅडम, मी फक्त दार बघतो."

ओडिलियानं मला बाजूला सारलं. तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "माझा नवरा आजारी. आज शेवटचा दिवस. तुम्ही माणूस. मी माणूस. कागद कुठे द्यायचा?"

रखवालदारानं इकडेतिकडे बघितलं, खिशातून पेन काढलं आणि तिच्या पाकिटावर फॅक्सचा नंबर लिहून दिला. आजच्या काळात फॅक्स! तीन दुकानं फिरल्यावर एका जुन्या औषधाच्या दुकानात मशीन सापडलं. दुकानाच्या काउंटरवरच मी अपील लिहिलं, चार ओळी, ओडिलियानं सही केली. पहिल्यांदा कागद अडकला. दुसऱ्यांदा पलीकडून उत्तर नाही. तिसऱ्यांदा मशीन कुरकुरलं आणि पोच बाहेर आली: चार वाजून एक्केचाळीस मिनिटं. ओडिलियानं ती पोच ब्लाउजच्या आत ठेवली.

सुनावणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची लागली, गुरुवारी सकाळी साडेनऊला, फोनवर. त्याआधी आम्ही चर्चच्या तळघरात बुधवारी बसणाऱ्या मोफत वकिलाकडे गेलो. मिस केर्विन नावाची तिशीतली बाई, पायात बर्फात घालायचे बूट, मे महिन्यातही. त्यांनी नऊही आठवड्यांची उत्तरं छापून आणली होती. कागदावर बोट ठेवून त्यांनी ओडिलियाला सावकाश विचारलं, "मिसेस रेझेंडिश, ह्या चौथ्या प्रश्नाला तुम्ही काय समजून होय म्हणालात?"

मी भाषांतर केलं. दुसरं काय करणार?

ओडिलिया म्हणाली, "कुठल्या प्रश्नाला?"

मिस केर्विननी प्रश्न पुन्हा वाचला. मी पुन्हा भाषांतर केलं. ओडिलियानं माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांत तिनं माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं, मशीनमध्ये सुई कुठं तुटलीय ते शोधावं तसं.

"मला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही," ती म्हणाली.

वकीलबाईंना पोर्तुगीज येत नव्हतं, पण त्यांनी भाषांतराची वाट बघितली नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "उत्तरं तुम्ही दिलीत?"

"हो."

"तिला विचारून?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी हळू आवाजात सांगितलं ते असं. 'जाणूनबुजून' हा शब्द पुसायचा तर ओडिलियाला ते माहीतच नव्हतं हे दाखवावं लागेल, आणि ते फक्त मी सांगू शकते, शपथेवर. पण मी दुसऱ्याच्या नावानं, दुसऱ्याच्या पासवर्डनं सही केली होती. माझा भत्ताही चालू होता. माझीही चौकशी लागू शकते, दंड होऊ शकतो. "मी तिची वकील आहे, तुमची नाही. म्हणून तुम्हाला सल्ला देणार नाही. विचार करा."

परतताना गाडीत ओडिलिया खिडकीबाहेर बघत होती. पुलावर आल्यावर ती बोलली.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही दाबायचं होतं."

"मग भाडं कुठनं दिलं असतंस? तुझ्याच भल्यासाठी केलं मी."

"भाड्याचं काय ते मी बघितलं असतं. कानातले विकले असते. उर्बानोपुढे हात पसरला असता. पण ते मी ठरवलं असतं, कुमाद्रे. सही माझ्या नावाची होती."

तिच्या दारात उतरताना तिनं गाडीचं दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

नीदियाला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "मम्मा, तू बोलायचं नाहीस. काकूला इंग्रजी येत नाही, समजलं नाही, विषय संपला."

"फॉर्म कुणी भरला विचारलं तर?"

"वाचनालयात कुणीतरी मदत केली म्हणायचं. नाव आठवत नाही."

"शपथेवर?"

"फोनवरच तर आहे! कोण बघतंय? मम्मा, तुझा भत्ता गेला तर मी तुला पोसू की माझी दोन पोरं?"

तिचं चुकत नव्हतं. मी विधवा, चोपन्न वर्षांची, पडदे शिवण्यापलीकडे काही न येणारी. ते तीन आठवडे मी रोज ठरवायचे आणि रोज मोडायचे. सकाळी वाटायचं, सांगून टाकू. दुपारी पोस्टमन दिसला की वाटायचं, नकोच. ओडिलियानं मला एकदाही 'साक्ष दे' म्हटलं नाही. तिनं फोनच केला नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी नवाला मी तिच्या घरी गेले. बोलायचं ठरवून नव्हे. न जाणं जमेना म्हणून. मिस केर्विन टेबलाशी बसल्या होत्या, मध्ये ओडिलियाचा मोबाइल. पलीकडच्या खोलीत जेर्मानो खुर्चीत, त्याच्याजवळ उर्बानो, बेकरीतून रजा टाकून आलेला, हाताला पीठ तसंच. ओडिलियानं मला बघून खुर्ची ओढून दिली. कॉफी दिली.

साडेनऊ वाजले. फोन वाजला नाही. नऊ चाळीस. मिस केर्विन म्हणाल्या, कधीकधी उशीर होतो. नऊ पन्नास. त्यांनी मोबाइल उचलून बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा फोन अनोळखी नंबर गप्प करतो का?"

ओडिलियाला कळेना. मी मोबाइल घेतला. नऊ चौतीसला एक कॉल येऊन गेला होता, नाव नसलेला. फसवणुकीचे फोन येतात म्हणून कुणीतरी तिला ती सोय लावून दिली होती.

"दोनदा लावतात. दहा वाजता गैरहजर धरून अपील निकालात काढतात," मिस केर्विन म्हणाल्या. त्या आपल्या फोनवरून सुनावणीच्या कारकुनाचा नंबर फिरवत होत्या. मी मोबाइलच्या सेटिंगमध्ये बोटं मारत होते, ते बटण सापडेना. वाद्यसंगीत सुरू झालं. नऊ त्रेपन्न. पलीकडच्या खोलीतून जेर्मानो ओरडायला लागला, "थांब! थांब!" नऊ पंचावन्नला ते बटण सापडलं, मी ती सोय बंद केली. ओडिलियानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. तिचे ओठ हलत होते.

नऊ सत्तावन्नला मोबाइल वाजला.

अधिकाऱ्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, सर्दी झालेला. नाव सांगितलं मिस्टर लूटन. त्यांच्याबरोबर लाइनवर दुभाषी बाई, ब्राझीलची. तिचं पोर्तुगीज गाणं म्हटल्यासारखं, आमचं बेटावरचं ठेचकाळतं. शपथ झाली. आणि नेमकं तेव्हाच आतून पुन्हा, "थांब! थांब!"

दुभाषी बाईनं इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं, "थांबा, थांबा."

"कोणाला थांबायचंय?" लूटन म्हणाले. "साक्षीदाराला वेळ हवाय का?"

"माझा नवरा आहे तो," ओडिलिया म्हणाली. "त्याला एवढंच येतं."

मग लूटननी घसा खाकरला. "बरं. पुढे जाऊ. मिसेस रेझेंडिश, ही नऊ आठवड्यांची उत्तरं माझ्यासमोर आहेत. ती तुम्ही स्वतः दिलीत का?"

दुभाषीनं विचारलं. मिस केर्विन ओडिलियाकडे बघून हलकेच मान हलवत होत्या, खरं सांगा म्हणून. ओडिलिया मात्र टेबलाकडे बघत होती. माझ्या कपाकडे.

"होय," ती म्हणाली. "मीच दिली."

मिस केर्विनना भाषांतर कळायला एक क्षण लागला आणि त्यांचे डोळे विस्फारले. मला भाषांतर लागलं नाही. जिनं जन्मात शिलाईचा एक टाका खोटा मारला नाही ती बाई शपथेवर खोटं बोलत होती, मला वाचवायला. आणि त्या एका 'होय'नं ती स्वतःला गाडत होती, कारण आता ते खरोखर जाणूनबुजून ठरत होतं.

"नाही!" मी ओरडलेच. इंग्रजीत. "ती खोटं बोलतेय. मी दिली उत्तरं. सगळी. मी."

"गप्प बस, कुमाद्रे," ओडिलिया दबक्या आवाजात म्हणाली. दुभाषी बाईनं तेही भाषांतर करून टाकलं.

"कोण बोलतंय?" लूटन कडक झाले. "खोलीत आणखी कोण आहे?"

मिस केर्विननी सावरून घेतलं. साक्षीदार म्हणून माझं नाव त्यांनी आधीच यादीत दिलं होतं, मी येते की नाही हे माहीत नसताना. मला शपथ दिली.

"तुम्ही मिसेस रेझेंडिशच्या पासवर्डनं आत गेलात?"

"हो."

"किती वेळा?"

"नऊ."

"चौथा प्रश्न तुम्ही तिला वाचून दाखवलात?"

"एकदाही नाही."

"का?"

तीन आठवडे मी ह्या प्रश्नाची सभ्य उत्तरं रचली होती. घाई होती, ती फोनवर होती, नवऱ्याला ताप होता. सगळी खरीच होती. पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते असं:

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. मला ते माहीत होतं. म्हणून विचारलं नाही."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ.

"तुम्हाला कल्पना आहे का, तुमचं हे बोलणं रेकॉर्ड होतंय?"

"आहे."

मग ते पुन्हा ओडिलियाकडे वळले. आधीचं उत्तर बदलायचं आहे का म्हणून विचारलं. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही. "बदलायचंय," ती म्हणाली. "ही माझ्या घरचं माणूस आहे. मला वाटलं, दोघींपैकी एकीनंच बुडावं."

"त्या आठवड्यांत काम मिळालं असतं तर तुम्ही गेला असतात का?"

मिस केर्विननी तिला आधी समजावलं होतं की नीट आठवून सांगा. ओडिलियानं नीट आठवून सांगितलं. पहिले चार आठवडे ती कामाला जाण्याइतकी मोकळी नव्हती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून उर्बानोनं पाळी बदलून घेतली, तो दुपारी तीनला यायला लागला. त्याच आठवड्यात ती वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात संध्याकाळची पाळी मागायला गेली होती. जागा नव्हती, पण तिथल्या बाईनं वहीत नाव लिहून घेतलं. मग आणखी दोन ठिकाणी गेली. हे मलाही माहीत नव्हतं. दर रविवारी मी तिच्यासाठी होय दाबत होते आणि ती काय करतेय हे मी विचारलंच नव्हतं.

"पहिले चार आठवडे मोकळ्या नव्हतात, नक्की?" लूटननी विचारलं.

"नक्की. तेव्हा त्याला नीट गिळताही येत नव्हतं."

मिस केर्विननी डोळे मिटून घेतले. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "इतकं खरं बोलणारं अशील मला झेपत नाही," आणि हसल्या, आणि मग रुमालानं नाक पुसलं.

निकाल बारा दिवसांनी आला, ह्या वेळी बरोबर मजल्यावर. 'जाणूनबुजून' काढून टाकलं होतं. दंड नाही, बंदी नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासूनचे पैसे तिचे. पहिले चार मात्र नामंजूर, ते परत करायचे, हप्त्यानं. खाली एक वाक्य जास्तीचं होतं: ह्या चार आठवड्यांसाठी कौटुंबिक रजेचा हक्क होता का, हे संबंधित ऑफिसनं पुन्हा तपासावं. मिस केर्विन ते वाक्य घेऊन रजेच्या ऑफिसच्या मागे लागल्या. नोकरी मध्येच गेली तरी मंजूर रजा तोडायला नको होती, असं निघालं. ऑगस्टमध्ये त्या आठवड्यांच्या रजेचे पैसे जमा झाले. सोबत पत्र नव्हतं, खुलासा नव्हता, माफी तर नाहीच.

माझं पाकीट जूनमध्ये आलं. चौकशीसाठी माझा भत्ता सहा आठवडे अडवून ठेवला. नीदियानं किराणा भरला आणि एकदाही 'मी सांगत होते' म्हणाली नाही, ह्याबद्दल मी तिची ऋणी आहे. शेवटी लेखी ताकीद देऊन सोडलं. पुन्हा दुसऱ्याच्या नावानं सही केली तर खटला. कारखान्यातल्या बायका अजूनही कागद घेऊन येतात. मी वाचून दाखवते, अर्थ सांगते. बटण ज्याचं त्यानं दाबायचं. दोघीतिघी रागावल्या, म्हणाल्या हिला आता मोठेपणा आलाय.

आणि ओडिलिया? सुनावणीनंतर महिनाभर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. मी समजून होते. एका खोट्यातून मी तिला सोडवलं होतं, पण त्यात ढकललंही मीच होतं. जुलैत वृद्धाश्रमातून बोलावणं आलं, संध्याकाळची पाळी, धुलाईघर. सोमवार आणि गुरुवारी उर्बानोला जमत नाही. तिनं मला फोन केला.

"कुमाद्रे, सोमवारी आणि गुरुवारी तुला वेळ आहे का? खरं सांग. नसेल तर नाही म्हण."

"आहे," मी म्हटलं.

आता त्या दोन संध्याकाळी मी जेर्मानोजवळ बसते. आम्ही पत्ते खेळतो. तो डाव्या हातानं पत्ते धरतो आणि सर्रास लबाडी करतो. बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा येते, तिच्यामुळे शब्द परत येतायत, एकेक, कुठलाही क्रम नसताना. 'चमचा' आला, 'उर्बानो' आला, एक सणसणीत शिवीही आली. परवा मी केलची पालेभाजी आणि बटाटा घालून सूप करून नेलं. त्यानं एक घोट घेतला, चमचा खाली ठेवला, बराच वेळ भुवया आक्रसून शब्द शोधत बसला. मी थांबले.

"मीठ," तो म्हणाला. "कमी."

मी उठून मिठाची बरणी आणली.